शिर्क्यांचा खोकला

त्या मालिकेतला सगळ्यात महत्त्वाचा आवाज मी खोकल्याच्या गोळ्या देऊन बंद पाडायला निघालो होतो. गोळ्या माझ्याच खिशातल्या होत्या, आणि देताना आपण किती प्रेमळ माणूस आहोत, असंही मला वाटून गेलं होतं.

मी ध्वनिमुद्रक. चित्रीकरण चालू असताना कानांवर हेडफोन चढवून कोपऱ्यात मशीनपाशी बसलेला जो माणूस नंतर कुणाला आठवत नाही, तो मी. लग्नाकार्यात कुणी विचारलं, काय करता, तर मी सांगतो, "ऐकतो." शेजारी उभी असलेली बायको लगेच पुस्ती जोडते, "घर सोडून." रावपुऱ्यात लाउडस्पीकर भाड्याने देण्यापासून सुरुवात केली आणि नाटकं, जाहिराती, गुजराती सिनेमे करत करत मोबाइलवर बघायच्या मालिकांपर्यंत येऊन पोचलो. मधलं सगळं सांगत बसत नाही. त्यात माझ्यापेक्षा मशीनच जास्त बदलली.

पण धंद्यातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढे दोन्ही लागणार आहेत.

पहिली फ्रिजची. कुणाच्या राहत्या घरात काम असलं की आम्ही आधी पंखे आणि फ्रिज बंद करतो. तुम्हाला तुमच्या फ्रिजची घरघर ऐकू येत नाही, माइकला येते. काम संपल्यावर फ्रिज परत चालू करायचा विसरू नये म्हणून आपल्या गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवायची, असा आमच्यात रिवाज आहे. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रिज उघडावाच लागतो. बिनचूक युक्ती. मी एकदा रावपुऱ्यातल्याच एका घरी काम केलं, नेमाने किल्ली ठेवली, आणि संध्याकाळी घर दोन गल्ल्या पलीकडे म्हणून चालत निघून गेलो. त्या फ्रिजमध्ये साखरपुड्याचं श्रीखंड होतं. साखरपुडा झाला, पण त्या घरातले लोक अजून मला बघून रस्ता ओलांडतात.

दुसरी गोष्ट शांततेची. शांतता सगळीकडे सारखीच असते, असं तुम्हाला वाटत असेल. तशी ती नसते. प्रत्येक खोलीची वेगळी. पत्र्याच्या छपराखालची वेगळी, कौलाखालची वेगळी, गाद्यांनी भरलेल्या खोलीतली अगदी वेगळी. म्हणून दृश्य संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी पुतळे व्हायचं, आणि मी त्या खोलीची नुसती शांतता भरून घ्यायची. पुढे संवादांमध्ये जिथे भोक पडतं तिथे हे ठिगळ लागतं. तेवढा वेळ दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळे माझ्या हुकमात असतात. माझ्या आयुष्यात दुसरं कुणी असं ऐकत नाही, त्यामुळे मी ही शांतता जरुरीपेक्षा जास्त लांबवतो, असा माझ्यावर आरोप आहे. खरा आहे तो.

तर ती मालिका. मुंबईहून ईशा नावाची दिग्दर्शक मुलगी आली होती, तिशीतली, बोलायला हळू आणि कामाला चिवट. मुलांच्या एका निवासी शाळेची गोष्ट होती. रेक्टर रात्री एखाद्या मुलाला उठवून आपल्या खोलीत नेतो, तिथे मुलांशी जे कधीही करू नये ते करतो, आणि शाळेतल्या सगळ्या मोठ्या माणसांना ते माहीत असतं. स्वयंपाक्याला, शिपायाला, मुख्याध्यापकांना. कुणी बोलत नाही. मालिका त्या न बोलण्याबद्दल होती.

शहराबाहेरची एक बंद पडलेली शाळा भाड्याने घेतली होती. ती काही गोष्टीतली शाळा नव्हे, तिचा बिचारीचा यात काही संबंध नाही. तिथे लांबलचक खोली होती, लोखंडी खाटा होत्या, आणि दाराला एक जुनी कडी. कडीचा आवाज मला इतका आवडला की पहिल्या दिवशी मी तीच तासभर वाजवत बसलो.

असली दृश्यं करतात तरी कशी, असं लोक मला दबक्या आवाजात विचारतात. मुलांना त्यात ठेवतच नाहीत. कॅमेऱ्याला दिसतं ते एवढंच: दार, कडी, फरशीवरून जाणाऱ्या सपाता, आणि दारात उभ्या असलेल्या शिपायाचा चेहरा. मुलं त्या वेळी बाहेर वडाखाली आइस्क्रीम खात असायची. रेक्टरचं काम करणारे अमदावादचे नट इतके मवाळ होते की शॉट संपला की खाखऱ्याचा डबा घेऊन मुलांना शोधत सुटायचे. मुलं त्यांना खाखरा अंकल म्हणत. रात्रीचं दृश्य आम्ही भर दुपारी खिडक्यांना काळं कापड ठोकून करत होतो, आणि पंखे माझ्या हुकमाने बंद. सगळे मनात मला शिव्या देत असणार. फाल्गुनी मोठ्याने देत होती.

फाल्गुनी म्हणजे माझी सहायक. काठीला बांधलेला माइक नटांच्या डोक्यावर धरून उभी राहते. समा भागात राहणारी, घरात गुजराती, माझ्याशी मराठी, रागावली की दोन्ही. मला काका म्हणते, पण त्यात आदर किती हे मी मोजायला जात नाही.

शिपायाच्या कामाला अरविंद शिर्के होते. साठी ओलांडलेला, उंच, ताठ माणूस. त्यांच्या घराण्यातले कुणी संस्थानच्या फौजेत होते, ते त्यांच्या मिशीवरून अजून कळतं. एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, आणि मंडळाच्या गणपतीत नाटकांत कामं करणारे. नेहमी हवालदार नाहीतर मुलीचा बाप. इथे त्यांना संवाद नव्हता. दारात उभं राहायचं. रेक्टर येतो, कडी काढतो, आत जातो. शिपाई ऐकतो आणि मान खाली घालतो. झालं.

पहिला टेक. सपाता आल्या. कडी वाजली. शिर्के खोकले.

"सॉरी," शिर्के म्हणाले.

"होतं असं," मी म्हणालो. "परत घेऊ."

परत घेतला. कडी वाजली. शिर्के खोकले.

मोठा खोकला नव्हता. घशातल्या घशात, कुणाची झोप मोडू नये अशा बेताचा. पण माझ्या लाडक्या कडीच्या बरोब्बर डोक्यावर बसत होता. मी उठून खिशातली गोळी दिली. त्यांनी ती हातात धरून माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, यांना मधुमेह असावा. मग त्यांनी गुपचूप तोंडात टाकली. पुढच्या टेकला खोकला आला, फक्त आता त्याला पुदिन्याचा वास होता.

दुसऱ्या दिवशी मी ज्येष्ठमध नेलं. ते चघळलं त्यांनी. मग बायकोकडून आल्याचा रस मधात घालून नेला. तोही प्याले. मग मी त्यांना दारापासून दोन हात मागे उभं केलं आणि मधे गोधडी टांगली. प्रत्येक उपायानंतर मी ईशाकडे बघून, झालं काम, अशी मान हलवायचो. कडी वाजायची आणि शिर्के खोकायचे.

तिसऱ्या दिवशी मी ईशाला बाजूला घेतलं. म्हटलं, "माणूस चांगला आहे, पण घसा गेलेला आहे. शिपाई बदल. मंडळातले अजून दोघं तिघं आहेत, मी फोन करतो."

ईशा म्हणाली, "काका, चेहरा फार चांगला आहे त्यांचा."

"चेहरा तुझा. आवाज माझा."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत शिर्के ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. पलीकडे फाल्गुनी बसलेली. ते म्हणाले, "शिरीषभाऊ, मला काढायचं चाललंय म्हणे."

मी गडबडलो. "तसं काही नाही. तब्येत महत्त्वाची."

"तब्येत ठणठणीत आहे. मला त्या दारात उभं राहू द्या. दुसरं काही नको. नाव नाही दिलं तरी चालेल."

"पण मग खोकू नका हो."

"तेच जमत नाहीये," शिर्के म्हणाले.

फाल्गुनीने हातातली पुरी ताटात ठेवली आणि मला विचारलं, "काका, सांभळो छो के खाली पहेरी राख्युं छे?" म्हणजे, ऐकताय, की हेडफोन नुसते घालून बसलाय. मग मराठीत आली. "यांना खोकला नाहीये. चहा पिताना खोकत नाहीत. जिना चढताना नाही. आत्ता दाळ एवढी तिखट आहे, बघा, काहीच नाही. फक्त कडी वाजली की खोकतात. आणि टेक संपून खाखरा अंकल दारातून मागे फिरले की बंद. तीन दिवस काठी धरून मी हेच ऐकतेय."

शिर्क्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ताट बाजूला सारलं. नंतर त्यांनी जे सांगितलं ते फार हळू आवाजात सांगितलं. मी सवयीने पुढे वाकलो.

ते लहानपणी अशाच एका शाळेत होते. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिथलाही रेक्टर रात्री मुलांच्या खोलीत यायचा. "वह्या तपासायला मदत पाहिजे, असं म्हणायचा," शिर्के म्हणाले. "आम्हाला त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. शब्दच नव्हते. घरी काय लिहिणार? पत्रं तोच वाचायचा. शेजारच्या खाटेवर मुकुंद होता. एकदा सपाता वाजल्या आणि माझ्या खाटेपाशी थांबल्या. मुकुंद खोकला. खरा नाही, मुद्दाम. म्हणजे कुणीतरी जागं आहे, एवढंच. रेक्टर थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला."

"मग?" फाल्गुनी म्हणाली.

"मग आम्ही सगळे खोकायला लागलो. सपाता आल्या की ज्याला जाग असेल त्याने खोकायचं. रोज नाही जमायचं. झोप लागायची. पोरं होतो. पण पुष्कळदा जमलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मग त्याला कळलं. त्याने काय केलं असेल? आमच्या सगळ्यांच्या खोकल्यावर औषध आणलं. रोज जेवणानंतर रांगेत उभं करून पाजायचा. आणि पहिला खोकला कुणाचा हे त्याने शोधून काढलं. मुकुंदला दमा आहे असं सांगून त्याची खाट आजाऱ्यांच्या खोलीत हलवली. अंगणाच्या पलीकडे. एकट्याची."

मग म्हणाले, "मी इकडे खोकायचो. तिकडपर्यंत आवाज पोचत नव्हता."

आयुष्यभर मी आवाज पोचवायचा धंदा केला आहे. त्या वेळी मला जी गोष्ट सुचली, ती माझ्या खिशाबद्दल होती. खिशात अजून गोळ्यांचं पाकीट होतं, आणि तीन दिवस मी हातात काय धरून या माणसाच्या मागे फिरत होतो, ते मला आत्ता कुठे कळत होतं. मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत? मी गोळी दिली तेव्हा."

"तुम्ही प्रेमाने देत होता," शिर्के म्हणाले.

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

शिर्क्यांना विचारून फाल्गुनीने ईशाला सगळं सांगितलं. ईशाने पटकथेची पानं परत काढली. मग तिने दृश्य बदललं. आता कडी वाजली की शिपाई खोकणार होता. त्याच्या पाठोपाठ अंधारातून एका खाटेवरून खोकला, मग दुसरीवरून, मग खोलीभर. आणि सपाता परत जाणार. शिपायाचा शॉट एका टेकमध्ये झाला. त्या टेकला मी गोळी, गोधडी, मध, काहीही दिलं नाही, हे माझं योगदान.

मुलांचे खोकले वडाखाली वेगळे भरून घेतले. पालकांना आधी सगळं सांगितलेलं होतं, मुलांना खेळ म्हणून सांगितलं. इतका आनंदाचा खोकला मी जन्मात ऐकला नव्हता. शेवटी त्यांना थांबवायला आइस्क्रीम आणावं लागलं.

पण त्या खोलीतला पहिला खोकला, सगळे ज्याच्यामागून खोकतात तो, ईशाला वेगळा पाहिजे होता. तो मागाहून बसवायचा होता, नुसता आवाज. शिर्क्यांनी करावा असं तिचं म्हणणं. शिर्के म्हणाले, "तो माझा नाही. तो मुकुंदचा आहे."

"कुठे असतात ते?" मी विचारलं.

"इथेच, गावात. वासण्याला."

मला वाटलं होतं, अमेरिका, नाहीतर वर. "म्हणजे भेटता तुम्ही?"

"भेटतो की. लग्नाकार्यात, गणपतीत. गुडघ्यांबद्दल बोलतो. मुलांच्या नोकऱ्यांबद्दल. त्याची बायको माझ्या बायकोच्या भिशीत आहे."

"आणि हे?"

"हे कधी नाही. एक शब्द नाही. त्याला आठवतं की नाही, तेही मला माहीत नाही." मग म्हणाले, "मला त्याला एकदा सांगायचंय, की मी खोकत होतो."

आम्ही रविवारी माझ्या स्कूटरवरून वासण्याला गेलो. शिर्क्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की आवाजाचं काम करणारे एक मित्र आहेत, त्यांना घेऊन येतो. मुकुंदराव बुटके, गोल, हसतमुख, विमा कंपनीतून निवृत्त. त्यांच्या बायकोने, शोभावहिनींनी, लिलो चिवडा, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, ठेवला आणि चहा टाकला. माझ्या माइकवर केसाळ टोपी असते, वाऱ्यासाठी. ती बघून मुकुंदराव म्हणाले, "मांजर पण आणलंय वाटतं."

माझा स्वभाव असा, की कुठे अवघडल्यासारखं झालं की मी कामाला लागतो. मुकुंदरावांना अजून काही विचारायच्या आधीच मी उठून पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, हाताच्या सवयीने स्कूटरची किल्ली आत लोण्याच्या डब्याशेजारी ठेवली आणि येऊन बसलो. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"मुकुंदा," शिर्के म्हणाले, "एक आवाज पाहिजे होता तुझा."

"माझा? गाणं तर मला येत नाही."

शिर्के पुढे बोलेनात. थांबायला पाहिजे होतं. कुणीही थांबला असता. मी म्हणालो, "खोकला हवाय. तुमचा तो होस्टेलातला."

फ्रिज बंद, पंखा बंद. त्या शांततेला लपायला कुठे जागाच नव्हती. वहिनींच्या हातातली बशी कपावर वाजली तेवढीच.

"कसला खोकला?" मुकुंदराव म्हणाले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण ते आता तिथे कुणी ठेवून दिल्यासारखं.

"यांना कधी खोकला होत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "सर्दी होते, खोकला नाही."

"काहीतरी गैरसमज आहे तुमचा," मुकुंदराव मला म्हणाले. शिर्क्यांकडे त्यांनी बघितलंच नाही. "आम्हाला जरा बाहेर जायचंय. चिवडा घ्या ना."

आम्ही चिवडा घेतला आणि निघालो. जिना उतरताना शिर्के एक अक्षर बोलले नाहीत. मी बोलत होतो. काय बोलत होतो देवाला माहीत; बहुधा माइकच्या टोपीबद्दल. स्कूटरपाशी आलो, आणि मी सगळे खिसे चाचपले, पिशवी उपसली, परत खिसे चाचपले.

"काय झालं?" शिर्क्यांनी विचारलं.

"किल्ली. फ्रिजमध्ये."

शिर्के माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मला मारणार. फौजेतलं रक्त. मी म्हणालो, "मीच जातो वर."

"नको," ते म्हणाले. "तुम्ही अजिबात जाऊ नका. मी आणतो."

ते वर गेले. मी स्कूटरवर बसून राहिलो, मांडीवर पिशवी. वर तिसऱ्या मजल्यावर त्यांची स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बराच वेळ काही नाही. मग खोकला ऐकू आला. कोरडा, छोटा, घशातल्या घशात, कुणाची झोप मोडू नये अशा बेताचा. शिर्क्यांचा नव्हता. शिर्क्यांचा मी तीन दिवस ऐकला होता. तो त्याच्या पाठोपाठ आला.

मग वहिनींचा आवाज. "काय झालं दोघांना? पाणी देऊ का?"

मग परत काही नाही.

पुढचं मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी सांगितलं नसतं. माझं मशीन मांडीवरच्या पिशवीत होतं. बंद. धंद्यातला माणूस म्हणून याची लाज वाटायला हवी, पण आजतागायत मला ती वाटलेली नाही.

खूप वेळाने वहिनी खिडकीशी आल्या. पदराने डोळे पुसत होत्या, आवाज मात्र घरच्यासारखा. "भाऊ, तुम्ही निघा. अरविंदभाऊ इथेच जेवतील." त्यांनी रुमालात बांधून किल्ली खाली टाकली. मी ती झेलली, म्हणजे झेलायचा प्रयत्न केला आणि मग गाडीखालून काढली. गार होती.

"फ्रिज मी चालू केलाय," वहिनी वरून म्हणाल्या.

मालिका या वर्षी आली. तुमच्यापैकी काहींनी बघितली असेल. तो भाग आला तेव्हापासून ईशाला लोकांचे निरोप येत असतात. अनोळखी, कुठकुठले, बहुतेक पिकल्या केसांचे. कुणाच्या वसतिगृहात मुलं ताट पाडायची, कुठे बादली लाथाडायची, कुठे एक जण झोपेत बडबडल्यासारखं पाढे म्हणायचा. ईशा मला फोनवर वाचून दाखवते. मला त्यात दुःख तर दिसतंच, पण दुसरंही एक दिसतं: मोठी माणसं गप्प होती तेव्हा पोरं गप्प नव्हती. त्यांनी आपला आवाज शोधला होता. तो ओळखायला कान हवे होते, आणि कान असलेल्या माणसांनी औषधं दिली, ही गोष्ट वेगळी. मुकुंदराव आणि शिर्के आता एका निवासी शाळेत जातात, मुलांशी बोलायला. तिथल्या बाईंनीच बोलावलं. काय बोलता, असं मी विचारलं तर शिर्के म्हणाले, "फार नाही. आम्ही सांगतो, आम्हाला ऐकू येतं."

पण त्या खोकल्याचं सांगायचं राहिलं. तो अखेर ध्वनिमुद्रित झाला, आणि चांगला झाला.

मालिका यायच्या आधी मुकुंदराव स्वतः आले, आमच्या चित्रीकरणाच्या शाळेत. वहिनी बरोबर होत्या, आणि त्यांना आता सगळं माहीत होतं, कारण त्या आल्या आल्या खोलीभर फिरल्या, एकेका खाटेच्या कठड्यावरून हात फिरवला, आणि मग दारातल्या खुर्चीवर अशा बसल्या की आता कुठल्या सपाता येतात तेच बघते. शिर्के होतेच. मी माइक लावला, आणि मुकुंदरावांना उभ्याने कसं खोकायचं ते समजावायला लागलो. घसा कुठे, हवा कुठून, माझं एक छोटं व्याख्यान असतं.

"उभ्याने नाही यायचा तो," मुकुंदराव म्हणाले, आणि खाटेवर आडवे झाले. शिर्के शेजारच्या खाटेवर आडवे झाले, कुणी न सांगता. मुलांच्या खाटा त्या. शिर्क्यांचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबत होते आणि मुकुंदरावांचं पोट दोन्ही बाजूंनी. फाल्गुनी काठी धरून उभी राहिली. मी कडी वाजवली.

मुकुंदराव खोकले.

फाल्गुनीने माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्या कानात अजून तो आवाज होता. मी कामाच्या आवाजात म्हणालो, "फार छान. आता कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. खोलीची शांतता भरून घ्यायची आहे."

सगळे पुतळे झाले. मशीन चालू झालं.

"अरविंदा," खाटेवरून मुकुंदराव म्हणाले, "तो कोपऱ्यातल्या खाटेवर होता तो कोण रे? दात पुढे असलेला?"

"बाळ्या," शिर्के म्हणाले. "तो खोकायचा कसला, भुंकायचा."

दोघं हसायला लागले. खाटा करकरल्या. मी मशीन थांबवलं. "मुकुंदराव, प्लीज. जरा शांतता. परत घेऊ."

परत चालू केलं.

"बाळ्या आणंदला असतो म्हणे," शिर्के म्हणाले.

"काय सांगतोस. जायचं का?"

"जाऊ की. पुढच्या रविवारी."

मी पुन्हा थांबवलं. म्हटलं, "अहो, एकच मिनिट. खोलीची शांतता मिळाल्याशिवाय तुमचा खोकला बसवता येत नाही. धंद्यातली गोष्ट आहे. माझ्यासाठी तरी एक मिनिट शांतता ठेवा."

फाल्गुनीने काठी खाली घेतली. मुकुंदरावांनी उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघितलं.

"शांतता पाहिजे होती तर घरून घेऊन यायची होती," ते म्हणाले. "आमच्याकडची संपली. आता तुम्ही जरा गप्प बसा."